नवख्यांना कोबॉलचा इतिहास सांगायचा तर सुरुवात १९५९ पासून करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या कंपनीत नवी बॅच आली आहे. सगळे कॉलेजात जावा आणि पायथन शिकून आलेत आणि त्यांचं अलोकेशन मेनफ्रेमला, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या मोठ्या संगणकांच्या कामाला झालंय; तिथले प्रोग्राम कोबॉल या जुन्या भाषेत असतात. पहिल्याच आठवड्यात 'कोबॉलचा इतिहास' या विषयावर दीड तासाचं सत्र तुम्हाला घ्यायचं आहे. १९५९ ते २०२३ अशी सनावळी असलेल्या स्लाइड तयार आहेत, पण त्या दाखवल्या तर पोरं झोपतील अशी भीती वाटते. मग काय करावं?

भीती रास्त आहे. मी बरीच वर्षं कोबॉल लिहितो आहे आणि नव्या बॅचना शिकवतोही आहे. अनुभवावरून सांगतो, सनावळी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहिली तरी तिचा कामात उपयोग होत नाही. इतिहास ज्या सोर्स फाइलमध्ये ही मुलं उद्या हात घालणार आहेत, तिथेच पडलेला असतो. तिथली प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने तशी केलेली आहे. ती गोष्ट समोर ठेवायची, मुलांना बुचकळ्यात पडू द्यायचं आणि मग मागे जायचं. कारण माहीत असलेला माणूस जुन्या कोडमध्ये नीट बदल करतो. ज्याला तो सगळा मूर्खपणा वाटतो, तो एक तर कोडला हात लावायला घाबरतो नाहीतर साफसफाईच्या नादात प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेली यंत्रणा, पाडतो. हे सत्र मी इतकं महत्त्वाचं मानतो ते यासाठीच.

सुरुवातीला मी ऋण आकडा घेतो. एक छोटी डेटा फाइल स्क्रीनवर उघडा. त्यातल्या रकमेच्या एका पाच अंकी फील्डमध्ये '००१२ई' दिसतं आणि पुढच्या रेकॉर्डमध्ये '००१२एन'. ई आणि एन ही रोमन लिपीतली अक्षरं, चक्क आकड्याच्या शेवटी. हे काय आहे, असं विचारा. बहुतेक जण म्हणतील, डेटा खराब झालाय. कॉपीबुकात (डेटाच्या वर्णनाच्या फाइलीत) त्या फील्डची व्याख्या 'पिक एस९(५)', म्हणजे चिन्हासह पाच अंक, अशी आहे, एवढंच दाखवा आणि थोडा वेळ गप्प बसा.

मग पंचकार्डाकडे या. आयबीएमचं ऐंशी रकान्यांचं कार्ड १९२८ मधलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगणकाच्याही आधीचं. कार्डाच्या प्रत्येक रकान्यात वरपासून खालपर्यंत बारा जागा असत: सगळ्यात वर बारावी ओळ, तिच्याखाली अकरावी, मग शून्य ते नऊ. अंक म्हणजे एक भोक. आता उणे एकशे पंचवीस लिहायचे आहेत. उणे चिन्हाला स्वतंत्र रकाना दिला तर ऐंशीतला एक गेला, आणि ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, तारीख, रक्कम हे सगळं त्या ऐंशीतच बसवायचं होतं. म्हणून चिन्हासाठी शेवटच्या अंकाच्याच रकान्यात, वरच्या अकराव्या ओळीत आणखी एक भोक पाडायचं अशी रीत पडली. अकरा आणि पाच अशी दोन भोकं एका रकान्यात आली की ती कार्डाच्या भाषेत 'एन' या अक्षराचीही खूण होते. बारा आणि पाच म्हणजे 'ई'. पुढे १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा तिच्या एबसिडिक या अक्षरसंकेताने ही कार्डावरची मांडणीच बाइटमध्ये उतरवली. हेक्समध्ये (बाइट सोळाच्या पद्धतीत लिहिला की) 'सी५' म्हणजे अधिक पाच आणि 'ई'ही, 'डी५' म्हणजे उणे पाच आणि 'एन'ही. म्हणून '००१२एन' म्हणजे उणे १२५. डेटा अगदी ठणठणीत आहे.

इथे हेक्स मोड चालू करून तो 'डी५' प्रत्यक्ष दाखवाच. पंचकार्ड कुणीही पाहिलेलं नसतं, तरी त्यावरचं भोक आत्ता आपल्या स्क्रीनवर आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसतं. त्यानंतर ऐंशी रकान्यांबद्दल वेगळं पटवावं लागत नाही.

यानंतर सोर्स कोडचे रकाने घ्या. पहिले सहा रकाने ओळ क्रमांकाचे, सातवा शेरा किंवा पुढे-चालूच्या खुणेचा, आठ ते अकरा एरिया ए, बारा ते बहात्तर एरिया बी. त्र्याहत्तर ते ऐंशी या जागेत प्रोग्रामची ओळख लिहायची आणि कंपायलरने तिकडे बघायचंच नाही. कार्डांचा गठ्ठा हातातून पडून विस्कटला तर तो पुन्हा लावता यावा म्हणून पहिले सहा रकाने. एवढं प्रत्येक पुस्तकात असतं. पण मुलांना ते टोचायला हवं, म्हणून मी पुढचं उदाहरण देतो.

एक जुन्या पद्धतीचा इफ, म्हणजे अटीचं वाक्य, लिहा. शिल्लक शून्याखाली असेल तर ओव्हरड्राफ्टच्या फ्लॅगमध्ये 'वाय' मूव्ह करायचा, म्हणजे भरायचा, मग पूर्णविराम. पुढच्या ओळीवर व्याज आकारणीचा परफॉर्म, म्हणजे तो भाग चालवायची आज्ञा. म्हणजे फ्लॅग काही खात्यांचाच लागेल, पण व्याज सगळ्या खात्यांवर निघेल. आता मूव्हची ओळ थोडी उजवीकडे सरकवा, इतकीच की तिच्या शेवटचा पूर्णविराम बरोबर त्र्याहत्तराव्या रकान्यात जाईल. कंपाइल करा. एकही एरर येणार नाही. कंपायलरला तो पूर्णविराम दिसलेलाच नाही, त्यामुळे इफ संपलेला नाही आणि व्याजाचा परफॉर्म त्याच्या पोटात गेला. आता व्याज फक्त ओव्हरड्राफ्टच्या खात्यांवर निघतंय. स्क्रीनवर कोड पूर्वीसारखाच दिसतो, पूर्णविरामही डोळ्यांना दिसतो.

या एका टिंबात इतिहासाचे दोन थर एकमेकांवर आलेले आहेत. एक कार्डाचा. दुसरा असा की कोबॉलची वाक्यं इंग्रजी वाक्यासारखी पूर्णविरामाने संपावीत असं सुरुवातीलाच ठरलं, आणि इफ कुठे संपतो हे सांगायला पूर्णविरामाशिवाय दुसरं साधन पंचवीस वर्षं नव्हतं. एंड-इफ, एंड-परफॉर्म, इव्हॅल्युएट हे सगळं १९८५ च्या मानकात आलं. तेही सहजासहजी नाही. त्या मसुद्याला मोठ्या वापरकर्त्या कंपन्यांनी कडाडून विरोध केला होता, कारण आपले लाखो ओळींचे चालते प्रोग्राम नव्या मानकात बसणार नाहीत, ते पुन्हा लिहावे लागतील, अशी त्यांना धास्ती होती. ही हकिगत जरूर सांगा. भाषा तयार करणाऱ्यांना सुधारणा हवी असते आणि भाषेवर ज्यांचा धंदा उभा आहे त्यांना काहीच हलायला नको असतं. दीर्घायुषी भाषेच्या वाटेत हा झगडा पुन्हा पुन्हा येतो, आणि कोबॉल आज जशी दिसते ती या ओढाताणीतूनच घडलेली आहे.

१९८५ ची ही रेघ नीट आखून दिली की मुलांच्या हाती एक साधन येतं. प्रॉडक्शनमधल्या एखाद्या खऱ्या प्रोग्रामची छापील लिस्टिंग त्यांना द्या (ग्राहकाची परवानगी बघून, नाहीतर तशीच एक तयार करून) आणि पेन्सिलीने खुणा करायला सांगा: कुठला परिच्छेद १९८५ च्या आधीच्या हाताचा, कुठला नंतरच्या? जिथे गो टू (दुसरीकडे उडी मारायची आज्ञा) आहे, परफॉर्म-थ्रू आहे, शेवटी एक्झिटचा स्वतंत्र परिच्छेद आहे आणि दर ओळीला पूर्णविराम आहे, तो बहुधा जुना. जिथे एंड-इफ आहे आणि अख्ख्या परिच्छेदात शेवटी एकच पूर्णविराम आहे, तो नंतरचा. प्रोग्रामच्या डोक्यावर बदलांची नोंद असते: तारीख, करणाऱ्याची आद्याक्षरं, बदलाचा क्रमांक, एका ओळीचं कारण. ती नोंद आणि आतला कोड जुळवून पाहायला लावा. तारखा कधी दोन अंकी वर्षाच्या असतात, मग एका ठिकाणापासून चार अंकी होतात. एकाच प्रोग्रामात तीन-चार पिढ्यांची माणसं काम करून गेलीत हे त्यांना कागदावर दिसतं. माझ्या मते सत्राचा निम्मा वेळ या खटाटोपाला द्यावा. बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

पैशाच्या आकड्यांबद्दल मात्र स्वतंत्र बोला, कारण 'ही भाषा अजून का आहे' याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तिथे सापडतं. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३ नेमकं येत नाही, शेवटी शेपूट येतं, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. एक दशांश (०.१) हा द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. विज्ञानाच्या गणितात एवढा फरक चालून जातो; बँकेच्या खतावणीत एका पैशाचा फरकही खपवून घेतला जात नाही. कोबॉलमध्ये रक्कम 'पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३' (कॉम्प-३ म्हणजे एका बाइटात दोन अंक) अशी लिहिली की नऊ दशांश अंक आणि एक चिन्ह असे दहा अर्धे बाइट लागतात, म्हणजे पाच बाइट. 'व्ही' म्हणजे दशांश चिन्हाची मानलेली जागा; साठवणीत त्याला काहीच जागा लागत नाही. आणि ही बेरीज सॉफ्टवेअरची कसरत करून होत नाही. दशांशात बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सूचना सिस्टिम/३६० पासून यंत्रातच आहेत. आज पायथन आणि जावामध्येही नेमक्या दशांशासाठी स्वतंत्र प्रकार आहेत, पण ते मुद्दाम निवडावे लागतात. कोबॉलमध्ये हिशेबाची मूळ सवयच दशांशाची.

इथेच सॉक-सेव्हनची (एस०सी७ ची) ओळख करून द्या. पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा एक तरी जॉब या ॲबेंडने (प्रोग्राम मध्येच बंद पाडणाऱ्या चुकीने) पडणारच आहे. कॉम्प-३ च्या फील्डमध्ये कुणीतरी स्पेस भरून ठेवल्या आणि त्यावर बेरीज करायला गेलो, की यंत्र 'हा दशांश आकडाच नाही' म्हणून हात वर करतं. एस०सी७ मधला सात हा यंत्राच्याच व्यत्यय-संकेतातला सातवा क्रमांक, म्हणजे डेटा एक्सेप्शन. तोही सिस्टिम/३६० च्या आराखड्यापासून तसाच चालत आला आहे. मुलांना डंप (प्रोग्राम पडला तेव्हा स्मृतीत काय होतं त्याची नोंद) वाचायची धास्ती असते. हा आकडा कुठून आला ते कळलं की ती बरीच ओसरते.

आता माणसं. इथे १९५९ येऊ द्या, कारण आता मुलांना त्यात रस वाटेल.

मेरी हॉज या बरोज कंपनीतल्या बाईंनी आग्रह धरला की प्रत्येक कंपनीच्या यंत्राला वेगळी भाषा नको, व्यवसायासाठी एक सामाईक भाषा हवी. एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक छोटी बैठक झाली. मग २८ आणि २९ मे रोजी पेंटागॉनमध्ये मोठी बैठक झाली, कारण अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे ढीगभर वेगवेगळी यंत्रं होती आणि प्रत्येकावर तेच काम पुन्हा लिहून घेण्याचा खर्च त्यांना परवडेनासा झाला होता. यातून कोडॅसिल ही संघटना उभी राहिली. अल्प मुदतीची, मध्यम मुदतीची आणि दीर्घ मुदतीची अशा तीन समित्या ठरल्या. अल्प मुदतीच्या समितीने तात्पुरतं काहीतरी द्यावं आणि नंतर बाकीच्यांनी नीट विचार करून चांगली भाषा करावी, असा बेत होता. दीर्घ मुदतीची समिती कधी बसलीच नाही. तात्पुरती म्हणून केलेली भाषा आज आपल्या बॅचला शिकवली जाते आहे. ही गोष्ट रंगवून सांगायला काहीच हरकत नाही, कारण ती खरी आहे.

प्रत्यक्ष आराखडा लिहिला सहा जणांनी: आयबीएमचे विल्यम सेल्डन आणि गर्ट्रूड टियर्नी, आरसीएचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग आणि हॉवर्ड डिस्काउंट, सिल्व्हेनियाचे व्हर्नन रीव्ह्ज आणि जीन सॅमेट. ही नावं फळ्यावर लिहा. नवखे एकच नाव ऐकून आलेले असतात, ग्रेस हॉपर, आणि 'कोबॉल तिने बनवली' असं सरसकट सांगितलं जातं. हॉपर या सहांत नव्हत्या. त्यांचं श्रेय वेगळं आहे आणि मोठं आहे. इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहिता येतो हे त्यांच्या फ्लो-मॅटिकने आधीच करून दाखवलं होतं, आणि कोबॉलवर सर्वांत जास्त छाप त्या भाषेचीच आहे. १९५० च्या दशकात हा विचार पटवताना हॉपर यांनी वरिष्ठांना तोच प्रोग्राम इंग्रजीसोबत फ्रेंच आणि जर्मन आज्ञांमध्येही करून दाखवला. यंत्राला सगळं सारखंच, हे त्यांना सांगायचं होतं. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच कशी कळेल, म्हणून वरिष्ठ बिथरले, आणि यापुढे फक्त इंग्रजीच, असं हॉपर यांना कबूल करावं लागलं. आपल्या मुलांना ही हकिगत लगेच भिडते. बॅचमधल्या मुलींना हेही दिसू द्या की हॉज, हॉपर, सॅमेट, टियर्नी या बायका पहिल्या दिवसापासून या खोलीत होत्या.

ब्रॉमबर्ग यांची थडग्याच्या दगडाची गोष्टही सांगा. समितीचं घोंगडं भिजत पडलेलं पाहून वैतागून त्यांनी एक खराखुरा थडग्याचा दगड विकत घेतला, त्यावर कोबॉल असं कोरून घेतलं आणि पेंटागॉनमध्ये कोडॅसिलचे प्रमुख चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. लोक ही भाषा मेली, मेली असं तिच्या जन्माआधीपासून म्हणत आलेत.

भाषा टिकली कशी, याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही सांगायला हवीत. एक तांत्रिक: डिसेंबर १९६० मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी मूळ तोच प्रोग्राम आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. यंत्रावर अवलंबून असलेला भाग एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमध्ये वेगळा काढलेला, डेटाचं वर्णन डेटा डिव्हिजनमध्ये, काम प्रोसीजर डिव्हिजनमध्ये. आज मुलांना या डिव्हिजन म्हणजे नुसतं लांबण वाटतं, म्हणून त्यामागचं हे कारण सांगा. दुसरं कारण बाजाराचं: संरक्षण खात्याने ठरवलं की कोबॉल चालत नसेल तर ते यंत्र सहसा घ्यायचं नाही. एवढा मोठा गिऱ्हाईक असं म्हणाल्यावर कंपन्यांना निमूट कंपायलर लिहावा लागला. फक्त गुणांवर भाषा टिकली असं मुलांना सांगू नका, ते अर्धसत्य होईल.

मग वायटूके, म्हणजे दोन अंकी वर्षामुळे २००० साली तारखा चुकण्याचं संकट. आपल्या भागाशी या इतिहासाचा खरा संबंध इथे येतो. आपल्या बँकांचं संगणकीकरण १९८० च्या दशकात, रंगराजन समितीनंतर हळूहळू सुरू झालं. तोवर अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्यांचा कोबॉल कोड वीस-वीस वर्षांचा झाला होता. तो कोड आपल्या लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आला तो १९९० च्या दशकात. मुंबईत सीप्झमध्ये, पुण्यात, आणि देशभरच्या कंपन्यांत हजारो मुलामुलींनी परक्या माणसांचे, बहुतेकदा कागदपत्रं नसलेले प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून तारखा शोधल्या. कित्येक मराठी घरांतली परदेशी गेलेली पहिली व्यक्ती याच कामासाठी गेली. त्या कामाला हलकं समजायची पद्धत आहे, आणि मला ती मुळीच मान्य नाही. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड न मोडता दुरुस्त करणं हे नवा कोड लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

आणि दोन अंकी वर्ष लिहिणाऱ्यांना मूर्ख ठरवू नका. कोबॉल जन्मली त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ या यंत्राची स्मृती सर्वांत लहान आवृत्तीत १,४०० अक्षरांची होती. तिथे प्रत्येक तारखेमागे दोन अक्षरं वाचवणं हे शहाणपण होतं. चुकलं ते एवढंच, की प्रोग्राम इतके जगतील हे कुणाला वाटलं नाही. पण खरी मेख पुढे आहे, ती मुलांकडून सोडवून घ्या. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी वर्ष चार अंकी न करता ठिगळ लावलं गेलं: ५० पेक्षा कमी असेल तर २० लावा, नाहीतर १९. ही दुरुस्ती अनेक प्रोग्रामांत अजून जिवंत आहे. आता २०२५ मध्ये घेतलेलं तीस वर्षांचं गृहकर्ज फळ्यावर लिहा आणि त्याची शेवटच्या हप्त्याची तारीख या नियमातून काढायला सांगा. उत्तर १९५५ येतं. इथपर्यंत इतिहास ऐकणारी मुलं इथे ताठ बसतात, कारण हे त्यांच्याच वाट्याला येणार आहे.

काय गाळायचं, तेही सांगतो. १९६८, १९७४, २००२, २०१४, २०२३ ही मानकांची वर्षं एका कागदावर छापून द्या, बोलत बसू नका. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोबॉल २००२ मध्ये आलं एवढं एका वाक्यात पुरे. प्रॉडक्शनमध्ये ते क्वचितच भेटेल. आणि जगात कोबॉलच्या इतके अब्ज ओळी चालतात, एवढे टक्के एटीएम व्यवहार तिच्यावर होतात, असले आकडे स्लाइडवर अजिबात टाकू नका. ते एकमेकांचं बघून फिरत आलेले अंदाज असतात. एखाद्या चौकस मुलाने 'हे कुणी मोजलं?' असं विचारलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो. त्याऐवजी एप्रिल २०२० ची घटना सांगा: कोविडमध्ये बेरोजगारी भत्त्याचे अर्ज धोधो आले तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीला येण्याचं जाहीर आवाहन केलं. ती नोंदलेली गोष्ट आहे.

एक प्रश्न हमखास येईल: एवढी कामाची भाषा आहे तर कॉलेजात का नाही शिकवत? टाळू नका. विद्यापीठातल्या संगणकशास्त्राने कोबॉलला पहिल्यापासून नाक मुरडलं. नामवंत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये लिहिलं की ही भाषा मेंदू लुळा करते आणि ती शिकवणं हा गुन्हा ठरवावा. टीकेत तथ्य होतं. चालू प्रोग्राममधला गो टू कुठे जाईल ते दुसऱ्या ओळीतून बदलणारी ऑल्टर आज्ञा एकदा वाचून पाहिली की ते पटतं, आणि ती आज्ञा पुढे मानकातून काढूनही टाकली गेली. पण आराखडा करणाऱ्यांत विद्यापीठातलं कुणी नव्हतं, भाषेच्या शास्त्रीय मांडणीची पर्वा कुणी केली नाही आणि पुढे दुरावाच वाढत गेला. दोन्ही बाजू जशाच्या तशा मांडा. मुलं मोठी आहेत, ती आपलं मत करतील.

शेवटी व्यवस्थेचं. मेनफ्रेमचं लॉगइन पहिल्या आठवड्यात मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडून राहू नका. ग्नूकोबॉल हा फुकट कंपायलर लॅपटॉपवर चालतो. फिक्स्ड फॉरमॅट (रकान्यांची जुनी मांडणी) ठेवलात तर त्र्याहत्तराव्या रकान्यातल्या पूर्णविरामाचा प्रयोग त्यावर करता येतो, पन्नासच्या ठिगळाचाही. फक्त एबसिडिकचं '००१२एन' तिथे तसंच दिसणार नाही, कारण लॅपटॉपचा अक्षरसंकेत वेगळा; त्यासाठी मेनफ्रेमवरच्या हेक्स स्क्रीनचं चित्र आधीच काढून ठेवा. लिस्टिंग मात्र कागदावरच द्या, दोघांत एक, सोबत पेन्सिल.